लेकीचे लग्न आधी की केमो आधी?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४९ वर्षांच्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी त्या आणि त्यांचे पती किराणा दुकान चालवतात. २२ ऑगस्टला त्यांच्या डाव्या स्तनातील कॅन्सरची गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. काखेतील दोन गाठींतही कॅन्सरच्या पेशी सापडल्याने डॉक्टरांनी केमोथेरपी सांगितली आहे: आधी दर तीन आठवड्यांनी एक असे चार डोस, आणि त्यानंतर दर आठवड्याला एक असे बारा. पहिला डोस २० सप्टेंबरला ठरला आहे. मात्र एकुलत्या एका मुलीचे लग्न १२ डिसेंबरला आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला ‘साधी गाठ होती, काढली’ एवढेच सांगितले आहे, आणि व्याही मंडळींना तर काहीच ठाऊक नाही. आईचे केस गेलेले दिसले तर ‘यांच्या घराण्यात कॅन्सर आहे’ अशी कुजबुज होऊन सोयरीक मोडेल, ही भीती त्यांना झोपू देत नाही. पती ‘तू म्हणशील तसे’ म्हणतात. नणंद सांगते की केमो म्हणजे विष, त्यापेक्षा तीन महिने सदाफुलीचा काढा घे. पत्रलेखिका विचारतात: केमो लग्नानंतर सुरू केली तर चालेल का? आणि चालणार नसेल, तर कोणालाही न कळता ती घेण्याची तयारी कशी करावी?

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देते, कारण त्यात घोळ घालण्याइतका वेळ तुमच्याजवळ नाही. लग्नापर्यंत थांबू नका. २२ ऑगस्टपासून १२ डिसेंबरपर्यंत मोजले तर १६ आठवडे होतात. डोळ्यांना आणि तपासण्यांना दिसणारा रोग शस्त्रक्रियेने काढला. परंतु तुमच्या काखेतील गाठींपर्यंत पेशी पोहोचल्या होत्या, म्हणजे त्यांतील काही पुढे रक्तातून अंगभर गेल्या असण्याची शक्यता आहे, आणि त्या कोणत्याच तपासणीत दिसत नाहीत. त्यांना गाठण्यासाठी ही केमो आहे. जखम भरली की काही आठवड्यांतच ती सुरू करतात. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांहून अधिक उशीर झालेल्या रुग्णांमध्ये परिणाम तितके चांगले राहत नाहीत, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. जखमेतून पाणी येत असेल, रक्ताचे रिपोर्ट बरोबर नसतील, तर डॉक्टर स्वतःच चार-आठ दिवस पुढे ढकलतात आणि त्याने काही बिघडत नाही. पण १६ आठवडे थांबणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि लग्नाची तारीख हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

आता कॅलेंडर घेऊन बसा, कारण तुमच्या पत्रात ‘केमो की लग्न’ अशी जी गाठ पडली आहे ती तारखा मांडल्या की बरीचशी सुटते. २० सप्टेंबरला पहिला डोस झाला तर तीन-तीन आठवड्यांनी दुसरा ११ ऑक्टोबरला, तिसरा १ नोव्हेंबरला आणि चौथा २२ नोव्हेंबरला येतो. १२ डिसेंबर हा चौथ्या डोसानंतरचा विसावा दिवस ठरतो. प्रत्येक डोसानंतर रक्तातील पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत कमी होतात, मग त्या पुन्हा वाढू लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात माणसाला पुष्कळ बरे वाटते. तोंडाला चव येते, जिना चढवतो. म्हणजे वेळेवर सुरुवात केली तर लग्नाचा दिवस तुमच्या चांगल्या आठवड्यात पडतो. मध्ये एखादा डोस पेशी न वाढल्यामुळे आठवडाभर पुढे गेला, आणि असे अनेकांचे होते, तर हे गणित सरकेल. म्हणून पहिल्या डोसाच्या आधीच डॉक्टरांना लग्नाची तारीख स्वच्छ सांगा. ‘माझ्या मुलीचे लग्न १२ डिसेंबरला आहे, त्या दिवशी मला उभे राहायचे आहे, तारखा तशा बसवता येतील का?’ हा प्रश्न विचारण्यात काहीही संकोच नको. घरात कार्य आहे हे कळले तर डॉक्टर दोन-तीन दिवस इकडे-तिकडे करू शकतात, पुढचे साप्ताहिक डोस लग्नानंतर कधी सुरू करायचे ते ठरवू शकतात, पेशी वाढवणारे इंजेक्शन द्यायचे का याचाही विचार करू शकतात. तुम्ही सांगितलेच नाही तर त्यांच्यासाठी १२ डिसेंबर हा इतर दिवसांसारखाच एक दिवस असेल.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. कोणालाही न कळता केमो घेण्याची तयारी कशी करावी, असे तुम्ही विचारता. रुग्णालयाच्या केमोच्या डे-केअरमध्ये समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षे काढली, आणि त्या अनुभवावरून सांगते की गुपित ठेवायचे म्हटले की सर्वांत आधी आजारपणातील त्रास लपवावा लागतो. केमोमध्ये लपवता कामा नये अशी एक गोष्ट असते, ती म्हणजे ताप.

एक बाई मला आजही आठवतात. पहिल्या डोसाचा दहावा दिवस होता आणि घरी वास्तुशांतीसाठी पाहुणे जमले होते. त्यांच्या आजाराची माहिती फक्त नवऱ्याला होती. गोळ्यांची पाकिटे त्यांनी तांदळाच्या डब्यात, तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. रात्री अकराच्या सुमारास त्यांना हुडहुडी भरली. पाहुण्यांत गडबड नको म्हणून त्यांनी अंधारात चाचपडत तापाची एक गोळी घेतली. घाम आला, ताप उतरला, त्यांना वाटले झाले. पहाटे चारला पुन्हा एक घेतली. सकाळी चहाचे आधण ठेवता ठेवता ओट्यापाशीच त्या कोसळल्या. नवरा तेव्हा भाजी आणायला तालुक्याच्या बाजारात गेला होता. जवळच्या दवाखान्यात नेले, तर ‘काय झाले, आधी काही आजार आहे का’ या प्रश्नाचे उत्तर सोबत आलेल्या एकाही माणसाला देता येईना. दोन तास तसेच गेले. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असताना झालेला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता, रक्तदाब खाली गेला होता. नऊ दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. त्या वाचल्या, पुढचे सगळे डोस त्यांनी पूर्ण केले. पण त्या दोन तासांबद्दल त्यांचे यजमान बोलू लागले की अजूनही मध्येच थांबतात.

म्हणून तुमच्या तयारीतील पहिली वस्तू थर्मामीटर. पारा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, अथवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरू लागले, तर ती आणीबाणी समजायची, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की दिवाळीची पहाट असो. आधी रुग्णालयाला फोन करायचा. त्यांना विचारल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही, कारण गोळीने आकडा उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. अशा वेळी शिरेतून प्रतिजैविके लवकरात लवकर, शक्य तर तासाभरात, सुरू व्हावी लागतात. तुमच्या पत्रावरून केमोचे रुग्णालय दीड तासाच्या अंतरावर दिसते. तेव्हा रात्री थेट तिथे जायचे की आधी जवळच्या कोणत्या रुग्णालयात, हे २० तारखेच्या आतच विचारून ठेवा, आणि जवळच्या डॉक्टरांसाठी तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: कोणती औषधे चालू आहेत, कोणत्या तारखेला दिली, ताप आल्यास काय करावे. त्या चिठ्ठीची एक प्रत फाइलमध्ये, एक पर्समध्ये आणि एक भिंतीवर, देव्हाऱ्याशेजारी लावली तरी चालेल, पण घरातल्या प्रत्येकाला दिसेल अशी. रात्री गाडी कोण काढणार हे नावानिशी ठरवा. कोणीच मिळाले नाही तर १०८ आहेच.

आता तुम्हीच विचार करा, ही चिठ्ठी भिंतीवर लावायची आणि गुपितही ठेवायचे, हे एका घरात कसे जमणार?

सगळ्या गावाला सांगा असे मी मुळीच म्हणत नाही. आपले आजारपण कोणाला सांगावे हा तुमचा अधिकार आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. पण न सांगणे आणि लपवणे यांत फरक आहे. ज्यांची रात्री गरज लागेल, ज्यांच्या निर्णयावर याचा परिणाम होईल, त्यांना कळलेच पाहिजे. माझ्या मते अशी माणसे तुमच्या बाबतीत चार-पाचच आहेत, आणि त्यांत सर्वांत पहिली तुमची मुलगी.

तुम्ही लिहिता, ‘तिच्या आनंदावर विरजण नको’. हे ज्या मायेने लिहिले आहे ती मला कळते. तरीही त्यात एक गृहीतक आहे, की तिला न सांगितल्याने तिचा आनंद टिकेल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुमचे केस गळू लागतील, दिवाळीला ती घरी येईल, आणि तिला जे दिसेल ते तुम्ही न सांगितलेले असेल. माहेरी झालेली फसवणूक, ती मायेपोटी का असेना, मुली विसरत नाहीत. तिला वाटेल की तिच्या साड्या-दागिन्यांची खरेदी चालू असताना आई एकटी सलाईन लावून पडली होती आणि कोणी तिला त्या लायकीचेही समजले नाही. लग्न तिचे आहे. तारीख तीच ठेवायची, समारंभ आटोपशीर करायचा की ठरल्याप्रमाणे, होणाऱ्या नवऱ्याला कधी आणि कसे सांगायचे, याचा निर्णय घेण्याचा पहिला हक्क तिचा आहे, आणि तुमच्या मौनामुळे तो तिच्याकडून काढून घेतला जातो आहे. फोनवर सांगू नका. या शनिवार-रविवारी तिला बोलावून घ्या आणि ती जेवून बसली की सांगा: ‘ती गाठ साधी नव्हती. कॅन्सरची होती, ती काढली आहे. आता केमो घ्यायची आहे, २० तारखेला सुरुवात आहे, आणि लग्नाला मी असणार आहे. तुला आधी सांगितले नाही, ते चुकले.’ एवढे पुरे आहे. ती रडेल, कदाचित चिडेल. तिला चिडू द्या.

व्याही मंडळींबद्दल मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. आईच्या आजारपणावरून सोयरीक मोडल्याचे मी पाहिले आहे, आणि विहिणीने स्वतः डबा घेऊन डे-केअरमध्ये येऊन बसल्याचेही पाहिले आहे. तुमच्या वाट्याला यांतले काय येईल हे मला सांगता येणार नाही. इतके मात्र सांगू शकते की लग्नाआधी मुलाला मुलीच्या तोंडून कळलेली गोष्ट आणि लग्नानंतर कोणा नातेवाइकाच्या तोंडून कळलेली गोष्ट यांचे वजन सारखे नसते. त्या घरात तुमच्या मुलीला राहायचे आहे. मुलाला तिने आधी सांगावे, मग दोघांनी मिळून त्याच्या आईवडिलांना सांगावे, हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

‘घराण्यात कॅन्सर’ या कुजबुजीला उत्तर द्यायचे झाले तर ते माहितीने द्या. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आईवडिलांकडून आलेल्या जनुकीय दोषामुळे होतात. उरलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत तसा वारसा सापडत नाही. तुमचे निदान पन्नाशीच्या आत झाले आहे, त्यामुळे जनुकीय तपासणी करावी का हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि विचारताना माहेरचे सांगा: आई, मावश्या, बहिणी, तसेच वडिलांकडच्या आत्या आणि आजी, कारण हा दोष वडिलांकडूनही येतो. ही तपासणी मुलीच्या भल्यासाठी आहे. दोष नसल्याचे कळले तर तिच्या डोक्यावरचे ओझे उतरेल, आणि असल्याचे कळले तर तिची तपासणी लवकर सुरू होईल. सासरच्यांना दाखवायचा दाखला म्हणून मात्र ती करू नका.

आता २० तारखेची तयारी. तुमच्या डोसांचा क्रम पाहता पहिल्या चारांत डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, आणि पुढच्या बारांत पॅक्लिटॅक्सेल असावे. फाइलमधली नावे पाहून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. डॉक्सोरुबिसिन हृदयावर परिणाम करू शकते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी हृदयाची टू-डी इको तपासणी होते. रक्ताचे रिपोर्ट, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, कावीळ ब आहे का याची तपासणी, हे सगळे झाले आहे का ते पाहा. मधुमेह असेल किंवा साखर काठावर असेल तर सांगा, कारण उलटी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांत बहुधा स्टेरॉइड असते आणि त्याने साखर वाढते, त्या रात्री झोपही उडते. किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी असेल तर या आठवड्यातच दाताच्या डॉक्टरांकडे जा. पेशी कमी झाल्यावर तोच दात तापाचे कारण होतो. ज्या तरुण वाचक स्त्रियांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी केमोने पाळी थांबू शकते हे लक्षात ठेवून बीजांडे जतन करण्याबद्दल पहिल्या डोसाच्या आधी विचारले पाहिजे. नंतर विचारून उपयोग नसतो.

शिरेचा प्रश्न स्वतंत्रपणे बोला. तुमच्या डाव्या काखेतील गाठी काढल्या आहेत, त्यामुळे सुई, सलाईन, रक्तदाबाचा पट्टा, शक्यतो सगळे उजव्या हातालाच. एका हाताच्या शिरांवर १६ डोस आणि दरवेळचे रक्त काढणे हा भार मोठा आहे. म्हणून छातीच्या कातडीखाली ‘पोर्ट’ बसवतात, ज्यातून औषध थेट मोठ्या शिरेत जाते. त्याचा खर्च आणि गरज दोन्ही विचारा. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते आणि ते शिरेबाहेर गेले तर आजूबाजूची कातडी जाळते. ते चालू असताना सुईपाशी आग झाली, टोचले, सूज दिसली, तर ‘थोडे दुखणारच’ म्हणून गप्प बसू नका. त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. सोसण्याची सवय असलेल्या बायका इथेच चुकतात. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो.

पहिल्या दिवशी उपाशी जाऊ नका. हलका नाश्ता करून जा. सैल बाह्यांचा ब्लाउज किंवा कुर्ता घाला, पाण्याची बाटली, पातळ चादर आणि सोबत एक माणूस न्या, जो परतताना सूचना ऐकून लिहून घेईल, कारण तुम्हाला त्या आठवणार नाहीत. उलटीच्या गोळ्या ‘झाली तर घेऊ’ असे करू नका. लिहून दिलेल्या वेळेला घ्यायच्या, कारण मळमळ एकदा सुरू झाली की आटोक्यात आणणे कठीण जाते. या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, त्याचे औषध आधीच मागून घ्या. तोंड येऊ नये म्हणून मऊ ब्रश, आणि कोमट पाण्यात चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार वेळा गुळण्या. डोसानंतरचे ४८ तास लघवी, उलटी यांतून औषध बाहेर पडत असते. शौचकूप दोनदा पाणी टाकून स्वच्छ करावे, आणि कपडे धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. एकत्र जेवण्याने, जवळ बसण्याने, तुमच्या हातचे खाण्याने कोणाला काही होत नाही.

खाण्याबाबत घरोघरी नवे पथ्य सांगणारे भेटतील. साखर बंद, दूध बंद, भात बंद असे करत करत माणूस उपाशी पडतो आणि पुढचा डोस पेलवत नाही. वरण-भात, मुगाची खिचडी, अंडी, पनीर, ज्याची चव लागेल ते ताजे, शिजवलेले, गरम खा. कच्ची मोड आलेली कडधान्ये, उघड्यावरची चिरलेली फळे, न उकळलेले दूध टाळा. उपवासही या काळात नकोत. देवाला ते चालते. दुकानाच्या गल्ल्यावर मात्र सातव्या ते चौदाव्या दिवसांत बसू नका. शंभर माणसांचा खोकला आणि शंभर हातांतून आलेल्या नोटा त्या आठवड्यात तुमच्यासाठी नाहीत.

तुमच्या नणंदबाईंवर रागावू नका. त्यांना तुमची काळजी आहे, आणि गंमत नव्हे, सदाफुलीबद्दल त्यांच्या बोलण्यात सत्याचा एक धागा आहे. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोचीच औषधे काढली जातात आणि रक्ताच्या कॅन्सरसारख्या आजारांत ती वापरली जातात. मात्र व्हिन्क्रिस्टिनचा प्रौढ माणसाचा एक संपूर्ण डोस साधारण दोन मिलिग्रॅमच्या आत असतो, म्हणजे मिठाच्या काही कणांइतका, आणि त्याहून जास्त झाले तर नसांना इजा होते. काढ्याच्या वाटीत ते किती उतरले हे कोण मोजणार? ज्याला त्या विष म्हणतात आणि ज्याला त्या औषधी वनस्पती म्हणतात, ते एका रोपात आहे. फरक मापाचा आहे. पॅक्लिटॅक्सेलसुद्धा मुळात एका झाडाच्या सालीतच सापडले. गुळवेलीबद्दलही सावध राहा: ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि केमो चालू असताना यकृत आधीच कामाला लागलेले असते. कोणतीही पुडी, काढा, गोळी कॅन्सरतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय नको. नणंदबाईंना काही करायचेच असेल तर डोसाच्या दिवशी दुपारी गरम खिचडी पाठवायला सांगा. त्यांनाही आपण उपयोगी पडलो असे वाटेल.

पैशाचा उल्लेख तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे, ‘लग्नासाठी ठेवलेले आहेत’ म्हणून. त्या पैशाला हात लावण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी जा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे, आणि आयुष्मान भारतसह एकत्रित झालेल्या या योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. फक्त रुग्णालय योजनेत असावे लागते, आणि मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते. शिधापत्रिका, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, डॉक्टरांचा उपचारांचा कागद, सगळे एका फाइलमध्ये लावा. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णांना रेल्वेत आणि एसटीत भाड्याची सवलत असते. रुग्णालयाच्या सहीचा दाखला मागून घ्या. तुमच्यासारख्याच ज्या वाचकांना मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागते, त्यांनी राहण्याच्या सोयीसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे आधी चौकशी करावी. हॉटेलांवर लग्नाइतका खर्च केलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

केसांबद्दल शेवटी लिहिते आहे, कारण तुमच्या पत्रात ते सर्वांत आधी आले होते. पहिल्या डोसानंतर दोन ते तीन आठवड्यांत ते जातील, उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर, हाताला पुंजके लागतील. पुष्कळ बायकांना तो दिवस शस्त्रक्रियेहून कठीण गेलेला मी पाहिला आहे, त्यामुळे ‘केसच ते, परत येतील’ असे मी तुम्हाला म्हणणार नाही, जरी उपचार संपल्यावर ते परत येतात हे खरे आहे. दुसऱ्या आठवड्यातच ते कापून बारीक करून घ्या. लांब केस गळण्यापेक्षा ते सोपे जाते. टोप घ्यायचा असेल तर केस असतानाच दुकानात जा, म्हणजे रंग आणि भांगाची बाजू जुळवता येते. टोप नको असेल तर मऊ सुती रुमाल आणि त्यावर पदर. मुलीच्या लग्नात आईच्या डोक्यावरचा पदर कोणाला खटकत नाही, आणि ज्याला खटकेल त्याच्याशी बोलायला तुमची लेक असेल.

लग्नाच्या आठवड्यासाठी काही गोष्टी आताच कानावर घालते. हिरवा चुडा भराल तेव्हा डाव्या हातात घट्ट बांगड्या घालू नका. काखेतील गाठी काढलेल्या हाताला काच फुटून जखम झाली किंवा हात आवळला गेला तर सूज धरते. डाव्या हातात दोन-चार सैल बांगड्या आणि बाकीच्या उजव्या हातात, कासाराला आधीच सांगून ठेवा. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी रक्त तपासून पेशींचा आकडा डॉक्टरांना कळवा. कार्यालयात एक खोली फक्त तुमच्यासाठी ठेवायला सांगा, जिथे दर तासाने पंधरा मिनिटे पाय वर करून पडता येईल. मुहूर्ताच्या वेळी तुम्ही बसावे, अक्षता पडताना उभे राहावे, आणि आल्या-गेल्याचे स्वागत जावांनी करावे. पंगतीतले ताक-कोशिंबीर नको, घरचा डबा न्या. कोणी गळ्यात पडायला आले तर हात जोडा, मास्क लावलेला असेल तर लोकांना समजते. आणि थर्मामीटर, डॉक्टरांची चिठ्ठी व गोळ्या एका छोट्या पिशवीत घालून ती पिशवी कोणाच्या हातात द्यायची, हे तुमच्या मुलीला विचारून ठरवा.